दोन भावंडं, एक पट्टा

१

निरोगी कुत्र्याला मारायला मी जात नाही, हे मी भारतला फोनवर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "नका येऊ मग. भाकरीत घालायला फवारणीचं औषध हाय घरात." त्या औषधानं कुत्रं कसं मरतं ते मी पाहिलंय. पुन्हा पाहायची ताकद नव्हती, म्हणून बॅग भरली.

मी रिबेका रणनवरे. शिरूरला माझा जनावरांचा दवाखाना आहे, तीसेक वर्षं झाली. गुडघे गेलेत. दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मी ठरवते की आता बास, आणि सोमवारी कुणाची तरी म्हैस अडते.

प्रकरण असं होतं. न्हावऱ्याच्या रस्त्याला सावळाराम आबांची वस्ती आहे. आबा एकटेच, सोबतीला हरण्या नावाचा कारवानी कुत्रा. लांबुळका, सडपातळ, हरणाच्या रंगाचा. रात्री उसात नि मक्यात शिरणारी रानडुकरं हाकलायची हे त्याचं काम. गेल्या दिवाळीत एका डुकरानं त्याची मांडी उभी फाडली होती, टाके मीच घातले होते.

शनिवारी गावची जत्रा होती. सगळा गाव तमाशाला गेलेला असताना शेजारच्या भारतच्या मेंढरांच्या वाड्यात कुत्रं शिरलं आणि पाच मेंढ्या फाडल्या. सकाळी भारत आरडत आबांच्या वस्तीवर आला, तर गोठ्यात हरण्या पडलेला, तोंडाला रक्त. देवळापुढं बैठक बसली. आबांचा भाचा माऊली पाटसकडचा बडा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन. त्याला फोन लावून स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "मामाचा कुत्रा असला म्हणून काय झालं? ज्यानं केलं त्याला जगायचा हक्क न्हाई." बैठकीनं माना डोलावल्या. आबा एक शब्द बोलले नाहीत म्हणे.

मी पोचले तेव्हाही आबा बाजेवर पाठ करून बसले होते. कुत्रा गोठ्याच्या खांबाला दोरीनं बांधलेला. मागच्या मांडीवर हळदीचा जाड लेप होता.

"पोरांनी दगडं मारली म्हनं," भारत म्हणाला. "आबांनी हळद लावली. मरायचंय त्याला, आन् लेप कसला लावत्यात."

शीर सापडावी म्हणून मी कुत्र्याचा पुढचा पाय हातात घेतला, पंजा उलटा केला आणि थांबले. तळव्याची साल सोलून निघाली होती, आत कोवळं गुलाबी मांस. रानात पळणाऱ्या कुत्र्याचा तळवा टायरसारखा कडक असतो, तो असा सोलत नाही. नखं कानसीनं घासल्यासारखी गुळगुळीत. मी लेप बोटानं बाजूला सारला. खाली टाक्यांची खूण नव्हती. कातडी अगदी साफ होती.

हा हरण्या नव्हता.

२

माझ्यामागं भारत आणि त्याचे दोन चुलते उभे होते. मी लेप परत सारखा केला.

"आज जमणार नाही," मी म्हणाले. "औषधाची मुदत संपलीय."

"मारायच्या औषधाला कसली आलीय मुदत?" भारत म्हणाला.

प्रश्न रास्त होता. मी म्हणाले की शिवाय कुत्रं पिसाळलेलं आहे की काय तेही बघायला हवं, तुझ्या बाकीच्या मेंढरांना धोका नको. पिसाळायचं नाव काढल्यावर तो नरमला. उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली, आणि मी कुत्रं सोडून देईन या धास्तीनं स्वतः दोरी धरून माझ्या गाडीत मागं बसला.

बरंच झालं. शिरूरपर्यंत मला त्याला बोलतं करता आलं.

"जत्रेला माऊली आले होते ना?"

"व्हय की. आबांकडंच उतरलं व्हतं. प्रिन्सला घेऊन आलं व्हतं."

प्रिन्स म्हणजे हरण्याचा सख्खा भाऊ, एकाच वेतातला. आबांनी पिल्लू असतानाच भाच्याला दिलेला. माऊलीनं त्याला शोचा कुत्रा केला, पेपरात फोटो यायचे.

"चावडीवर आणलं व्हतं शेठनी त्याला," भारत सांगत होता. "गळ्यात पितळी बकलाचा पट्टा. कुत्रं नुसतं पुतळ्यावानी हुबं. कुणीतरी म्हनलं, शेठ, ही कपाटातली बाहुली झाली. पळतंय का तरी? आमी लई हसलो. शेठ न्हाई हसलं."

"मग?"

"मग तमाशाला चला म्हनलं तर डोकं दुखतंय म्हनलं, वस्तीवर गेलं. पहाटं अंधारातच गाडी काढली त्यांनी. मी मेंढरांकडं निघालो तवा रस्त्याला लाइट दिसला. मग वाड्यात गेलो आन् बघितलं."  खरं तर मला त्याचंही वाईट वाटत होतं. त्या पाच मेंढ्यांतल्या तीन गाभण होत्या.

दवाखान्यात दोरी माझ्या हातात देऊन तो एसटी पकडायला गेला. मी कुत्र्याला म्हटलं, बस. तो बसेना. उलट दोरी हातात आल्याबरोबर त्यानं चारी पाय नीट मांडले, मान उंच केली, छाती काढली आणि माझ्या हाताकडं बघत राहिला, आता काहीतरी खायला मिळेल म्हणून.

शोच्या कुत्र्याला ही सवय लहानपणापासून लावतात. रिंगणात परीक्षकासमोर बसलं की मार्क गेले, म्हणून त्याला दोरी धरल्यावर बसायचं नसतं हेच शिकवलेलं असतं. तोंड रेखीव दिसावं म्हणून मिशा कातरतात. याच्याही कातरलेल्या होत्या. हाड जड, अंगावर मांस, केस तुकतुकीत. कामाच्या कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात, त्याला दिसण्याशी देणंघेणं नसतं आणि गळ्यात पट्टाही नसतो, कारण पळताना तो बाभळीत अडकतो. याच्या मानेवर मात्र पट्ट्यानं केस घासून गेल्याची गोल खूण होती.

एकाच आईची दोन पिल्लं. एकाला पळायला ठेवलं, एकाला उभं राहायला. लोकांना दोघांत रंगाशिवाय काही दिसत नाही.

पायातून मी बाभळीचे चार काटे काढले. सोललेले तळवे सांगत होते की हा कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा मुरमावरून जीव तोडून पळालाय, तो त्याच रात्री. म्हणजे मेंढ्या यानंच मारल्या. मेंढरांत वाढलेला हरण्या त्यांच्याकडं ढुंकून बघत नसे. यानं घाबरून पळणारं काही जन्मात पाहिलं नव्हतं.

इंजेक्शन घेऊन आलेल्या बाईसमोर तो बक्षिसासाठी उभा होता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा, ते अजून ठरत नव्हतं.

३

सकाळी मी परत वस्तीवर गेले. आबा शेळीचं दूध काढत होते.

"आबा, तो हरण्या नाही."

"मंग कोन हाय?"

"तुम्हाला माहितीय. प्रिन्स आहे."

धार थांबली नाही. "डॉक्टरबाई, माजी नजर गेलीया आता," ते म्हणाले.

हे खोटं होतं. तिथूनच त्यांनी मला लांबच्या बांधावरची घोरपड दाखवली होती, तेही महिन्याभरापूर्वी.

"टाक्यांची जागा झाकायला हळद लावलीत तुम्ही. दगड कुणी मारलेच नाहीत. हरण्याला वाचवायला भावाला पुढं केलंत का? हरण्या कुठाय, पाटसला?"

आबा उठले. चरवी खाली ठेवली. "ज्यानं केलं त्याला मारायचं ठरलंय. माऊलीच बोल्ला तसं, समद्या गावानं ऐकलं. तुमी तुमचं काम करा."

"आबा, पिल्लू तुमचंच होतं ते."

ते गोठ्यात गेले आणि परत बाहेर आले नाहीत. मी त्यांना तीस वर्षं ओळखते. या माणसानं म्हाताऱ्या गायीलासुद्धा कधी बाजार दाखवला नाही. मला काही केल्या कळेना की याच्या पोटात काय आहे.

मग गाडी पाटसकडं वळवली. न्हावरा ते चौफुला उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत जाताना मी एकच गोष्ट घोळवत होते. माऊली निघाला तेव्हा अंधार होता. मेंढ्या मेल्याचं भारतलाच अजून ठाऊक नव्हतं. मग त्या वेळी आबांना कुत्रे बदलायचं कारणच काय होतं?

४

माऊलीचा बंगला कारखान्याच्या अलीकडं. प्रिन्सला स्वतंत्र खोली, कूलर, गादी. माऊली माझ्याबरोबर आत आला, फोन कानाला लावूनच.

"बरं झालं बाई आल्या," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "रविवारी पुण्यात शो आहे आणि हा जत्रेपासून उतरलाय. खात न्हाई. पण बॉडी बघा, बॉडी. असा कुत्रा जिल्ह्यात न्हाई."

गादी सोडून फरशीवर पडलेल्या हरण्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली. हरण्यानं माझ्याकडं बघून शेपूट हलवली. मांडीवर माझ्या टाक्यांची खूण होती. माऊलीचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

मी टाक्यांचं नाव काढलं नाही. म्हणाले, "आज संध्याकाळी मामांच्या कुत्र्याला इंजेक्शन आहे. बैठकीत शब्द तुमचा होता, तर तुम्ही समोर असावं असं मला वाटतं." चेअरमन माणूस, नाही म्हणता येईना. येतो म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

त्याची मुलगी मोनाली दारात उभी होती. विशीतली पोरगी, प्रिन्सला रिंगणात हीच फिरवते. नखं घासणं, मिशा कातरणं, सगळं हिच्याकडं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

तिनं दार लोटून घेतलं. "त्याच दिवशी, मॅडम. पट्टा धरला तर हा खाली बसला. प्रिन्स मेला तरी बसणार नाही. आणि पट्टा उलटा होता, बकल आत. घाईत घातल्यासारखा."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? पप्पांना कळलं नाही हेच मला आधी खरं वाटेना. मग वाटलं, अदलाबदल झालीय तर होऊ दे थोडे दिवस. सारखं वजन, सारखं उभं राहा. त्याला कधी मोकळं सोडलेलं नाही आम्ही. आबांकडं रानात पळत असेल, म्हटलं." ती हसली. "पळतोय ना?"

तिला मेंढ्यांचं काहीच माहीत नव्हतं. बापानं घरात सांगितलंच नव्हतं. मामांच्या ज्या कुत्र्याला आज इंजेक्शन द्यायचंय तो तुझा प्रिन्स आहे, हे मी तिला सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. 

पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी तिला म्हटलं, "रड नंतर. हरण्याला गाडीत घाल आणि माझ्यामागं ये. पट्टा इथंच ठेव."

५

संध्याकाळी देवळापुढं पार भरला होता. मरण बघायला माणसं वेळेवर येतात. आबा एका कडेला, माऊली मधोमध खुर्चीवर.

मी दोन्ही कुत्रे समोर उभे केले. दोघांच्या गळ्यात सारखी सुतळी. प्रिन्सच्या पायांना फडकी बांधली होती म्हणून हरण्याच्याही बांधली, आणि दोघांच्या मांड्यांना हळद लावली. भारत डोळे चोळायला लागला.

"माऊली," मी म्हणाले, "एक तुमचा आहे, एक मामांचा. तुमचा घ्या. राहील त्याला मी सुई देते."

तो हसत उठला. दोन पावलं पुढं आला आणि हसू गेलं. या कुत्र्याकडं बघितलं, त्या कुत्र्याकडं बघितलं. मग मोनालीकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत राहिली. 

"सुतळी धरा हवं तर," मी म्हणाले.

त्यानं धरली नाही. धरल्यावर बसतो तो आपला नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी त्यानं बोट दाखवलं ते हरण्याकडं.

"तो मामांचा हरण्या. आता ऐका," मी लोकांना म्हणाले. पायात कळा येत होत्या, लवकर उरकायचं होतं. "जत्रेच्या रात्री प्रिन्सच्या गळ्यातला पट्टा निघाला. बकलाचा पट्टा आपोआप निघत नाही, कुणीतरी काढला. का? तर काट्यात अडकू नये म्हणून. म्हणजे त्याला पळवायला नेलं होतं. तोच पट्टा पहाटे हरण्याच्या गळ्यात बसला आणि हरण्या पाटसला गेला. कुणी घातला? आबांनी नाही, आबा या दोघांना अंधारात हात लावून ओळखतील. मोनाली तर जत्रेला नव्हतीच. घालणारा असा हवा, ज्याला दोघांतला फरक कळत नाही, आणि मेंढ्या मेल्याचं गावाच्या आधी ठाऊक आहे. नाहीतर अंधारात पळायची घाई कसली?"

माऊली खुर्चीत बसला. कपाळ पुसलं.

"तुम्ही समद्यांनी बाहुली म्हनलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. शहरी बोलणं गळून पडलं होतं. "म्हटलं, एकदा पळवून बघू. माळावर सोडला तर वाऱ्यासारखा गेला. मला लई बरं वाटलं. मग मेंढरांचा आवाज आला. हाका मारल्या, येईना. वस्तीवर आलो तर अंगणात बसलेला दिसला. मला वाटलं माझ्या आधी आला. पट्टा घातला आन् निघालो."

"ते हरण्या व्हतं," आबा पहिल्यांदा बोलले. "अंगणात माझ्या बाजंखाली निजतं ते. तुझं तू गेल्यावर आलं, लंगडत. गोठ्यात जाऊन लपलं."

"आणि फोनवर न्याय केलात," मी माऊलीला म्हणाले. "मामाचा कुत्रा मरतोय असं समजून. आता तुमचा आहे. बोला."

त्यानं मुलीकडं बघितलं. मोनाली प्रिन्सच्या गळ्यात हात घालून जमिनीवर बसली होती. मी भारतकडं बघितलं. मेंढ्या त्याच्या मेल्या होत्या, शेवटचा शब्द त्याचा होता.

भारतनं टोपी काढली, परत घातली. "आता शेठचाच कुत्रा हाय म्हंजी," तो म्हणाला, "मुकं जनावर. त्याला काय कळतंय? चुकून झालं. शेठ काय आपल्याला वाऱ्यावर सोडनार हायत का?"

"तेच म्हनतो," एक चुलता म्हणाला. "इंजेक्शन कशाला उगी."

आणि बैठकीनं पुन्हा माना डोलावल्या. त्याच माना, त्याच पारावर. मी भयंकर चिडले. प्रिन्स वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता. मी औषधाची बाटली बॅगेत टाकली. माऊली मुलीला नि कुत्र्याला गाडीत बसवून निघून गेला. रविवारचा शो त्या पायांनी होणार नव्हता, एवढंच त्याला नुकसान.

६

आबा हरण्याची सुतळी सोडून वस्तीकडं चालायला लागले होते. मी गाडी त्यांच्याजवळ थांबवली. ते बसले, हरण्या मागं चढला. 

"आबा, पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. हा प्रिन्स आहे म्हणून."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? आज बघितलं की तुमी."

मी बघितलं होतं.

"हरण्या हाय म्हनल्यावर मरण. प्रिन्स हाय म्हनल्यावर मुकं जनावर," आबा म्हणाले. "मला ठाऊक व्हतं, डॉक्टरबाई. म्हनून गप बसलो. म्हनलं, एकदा तरी ज्यानं केलं त्यालाच होऊ द्या."

"पण केलं माऊलीनं. कुत्र्यानं काय केलं?"

 वस्ती आली, मी गाडी बंद केली, तरी ते उतरेनात.

"मी काल सुई दिली असती तर? तुम्ही मध्ये पडला असता का?"

"पाठ करून बसलो व्हतो," आबा म्हणाले. "तुमी पाय धरला त्याचा, मला कळलं. वळलो न्हाई." मग म्हणाले, "त्या वेताला प्रिन्स शेवटचा. मेल्यालाच आला व्हता, श्वास न्हवता. नाकाला तोंड लावून मी फुंकलं तवा हाललं ते. आन् काल मी वळलो न्हाई."

ते बाजूच्या दारावर डोकं टेकवून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मागं हरण्या उठून उभा राहिला, त्यांच्या मानेशी नाक नेलं, आणि आबांनी त्याला हातानं दूर सारलं.

"आज नगं," ते त्याला म्हणाले, आणि गाडीचं दार उघडून एकटेच घरात गेले.